बटन बंद करू नये

कोणी 'लाईट गेली' म्हटलं की काकाजींना राग यायचा. "गेली म्हणजे? ते का बाजारात जाते का? कोणाच्या हातानं गेली ते सांगा!" आमचे हे पहिल्याच आठवड्यात यात सापडले. जिन्यावरून खाली वाकून, नव्या भाडेकरूला शोभेल इतक्या नम्रपणे त्यांनी विचारलं, "काकाजी, तुमच्याकडेही लाईट गेली का?" मग जिन्याच्या मधल्या पायरीवर अंधारात उभं राहून त्यांना फीडर आणि ब्रेकर या विषयावर व्याख्यान ऐकावं लागलं. लाईट आली तरी व्याख्यान संपलं नव्हतं. वर येऊन मला म्हणाले, "या घरात आपण मेणबत्ती लावू, पण विचारायला जाऊ नकोस."

हुडकेश्वरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही बरीच वर्षं राहिलो. काकाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभा जन्म कंट्रोल रूममध्ये गेलेला. रिटायर झाले म्हणजे फक्त जागा बदलली, ड्युटी तशीच चालू. दुपारी आडवं होण्याआधी काकूंना रीतसर चार्ज द्यायचे. "टाकी भरली. मोटर बंद. मागचं दार उघडं. घेतला चार्ज?" काकूंनी हातातलं काम न थांबवता "घेतला जी" म्हटलं की मगच पाठ टेकायची. कोणतंही बटन दाबण्याआधी मोठ्यानं हाळी द्यायचे, "चालू करून राहिलोऽऽ!" मग ती मोटर असो, मिक्सर असो, नाहीतर देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब. त्यांच्या नोकरीत कोणी न सांगता खटका ओढला तर पलीकडे तारेला हात लावलेला माणूस जिवानिशी जायचा, त्यामुळे ही सवय अंगात मुरलेली. पाहुण्यांना हे माहीत नसायचं. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा खालून आलेल्या हाळीनं त्यांच्या हातातली बशी पडली, आणि "इथे रोज काय चालू करतात?" असं त्यांनी मला परत जाईपर्यंत विचारलं.

संध्याकाळी दिवा लागला की हात आपण सगळेच जोडतो. काकाजी ट्यूबलाईटसमोर उभे राहायचे आणि ती फडफडून पूर्ण लागेपर्यंत हात जोडायचे नाहीत. म्हणायचे, "अर्ध्या दिव्याले नमस्कार नाई करत आपण."

पण त्यांचा खरा धर्म एकच होता. खोलीतून निघालं की बटन बंद. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की ते कळवळायचे, "अरे बाप्पा, तिकडे कोळसा जळून राहिला नं!" कोळशाचा ढीग जणू त्यांच्या अंगणातच होता. आम्ही वरचे लोकही हळूहळू त्या शिस्तीत तयार झालो. मी तर इतकी तयार झाले, की एकदा माहेरी गेले असताना वडील आत पेपर वाचत बसलेले असूनही मी सवयीनं दिवा बंद करून बाहेर आले. आतून आवाज आला, "मी अजून आहे."

काकूंचं शिक्षण याहून पक्कं. त्या उमरेडच्या विणकर घरातल्या. त्या सांगायच्या, "माहेरी मागावर सूत तुटलं तं डोळ्याच्या आधी बोट जाये तिकडे. इथं आली तं यायनं बटनावर बोट लावलं. नवी नवरी होती मी, घरात फिरून राहिली, अन् मागून आवाज, 'बटन!' आता मी झोपेतही बंद करते वं बाई." खरंच, खोलीच्या उंबऱ्याशी आल्या की त्यांचा डावा हात आपसूक बोर्डाकडे जायचा. टक. बोलणं न थांबवता, न बघता. टक.

मग काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिली आहे ती औषधांनी सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. दिवसा ठीक चालायचं. दिवस मावळला की समोरचं अंधुक आणि बाजूचं काहीच नाही. "बाजूचं कोणीतरी खाऊन टाकलं," असं त्या हसत सांगायच्या, आणि हसता हसता दाराच्या चौकटीवर आपटायच्या. आपलं काय होईल यापेक्षा त्यांना दुसरीच काळजी. "माहा हात धरून न्यायची पाळी नोको येऊ कोणावर. मोरीपर्यंत तरी माही मी जाईन."

काकाजींनी हे फार मनाला लावून घेतलं. शहराला उजेड देणाऱ्याच्या घरात बायकोला अंधार दिसतो, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ड्युटीत कसूर. कुठल्या दाराशी अंधार पडतो हे पाहत ते संध्याकाळभर घरात हिंडायचे. अशातच मोबाईलवर त्यांना ती जाहिरात दिसली. एक म्हातारी घरातून चालली आहे, ती पाय उचलते आणि पुढचा दिवा लागतो, ती पुढे गेली की मागचा विझतो. काकाजी चपला न घालताच जिना चढून आले. "बाई, पाहा! पाय उचलला का दिवा लागते! बटनच नाई! अन् मागचा आपल्या आपण बंद होते!" काकूंसाठी उजेड आणि कोळशासाठी बचत, दोन्ही एकाच खोक्यात. त्यांना आणखी काय हवं होतं?

खोकं आलं. बल्ब, छताला चिकटवायचे डोळ्यासारखे सेन्सर आणि या सगळ्यांचा मुकादम म्हणजे एक पांढरी डबी. तिला हब म्हणायचं. तिच्यावर निळा ठिपका असला की घर शुद्धीवर आहे असं समजायचं. काकाजींनी सगळं स्वतः बसवलं, आम्हा दोघांना खाली बोलावलं, सवयीनं "चालू करून राहिलोऽऽ" अशी हाळी दिली, आणि दाबायला काही नाहीच हे लक्षात येऊन हात तसाच हवेत ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "हं, तू चाल."

काकू स्वयंपाकघरातून निघाल्या. त्यांच्यापुढे बोळीतला दिवा लागला. मग बैठकीतला. मग झोपायच्या खोलीतला. त्या मधेच थांबल्या, वळल्या, काही काम नसताना परत स्वयंपाकघरात गेल्या आणि पुन्हा आल्या. "मंत्री आल्यावाणी वाटून राहिलं मले," म्हणाल्या. काकाजींनी आमच्याकडे पाठ केली आणि त्या निळ्या ठिपक्यात काय पाहायचं होतं कोण जाणे, बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.

हे सुख आठवडाभर टिकलं असेल. मग एका संध्याकाळी बोळीतला दिवा लागेना. ॲपमध्ये पाहिलं तर लिहून आलं होतं, 'हे उपकरण सध्या उपलब्ध नाही.' काकाजी छताकडे बोट दाखवून म्हणाले, "उपलब्ध नाई म्हणजे? हे काय लटकून राहिलं?"

कंपनीला फोन लावायचं काम माझ्याकडे आलं. "तू ऑफिसात बोलते, तुले त्याईची भाषा समजते," असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. मी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर बसते आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या' हे वाक्य माझ्याइतक्या गोड आवाजात आख्ख्या युनिव्हर्सिटीत कोणी म्हणत नाही. त्यामुळे पलीकडची मुलगी जेव्हा म्हणाली, "मी आपली अडचण समजू शकते," तेव्हा तिला काहीही समजलेलं नाही हे मला लगेच कळलं. व्यवसायबंधूंना एकमेकांची पोटदुखी कळते.

मराठीसाठी दोन दाबलं की मराठी यायची, पण कुठली मराठी?

"आपण दिवा कोणत्या कक्षात स्थापित केला आहे?"

"स्थापित नाई वं बाई, लावला," काकाजी माझ्या हातातल्या फोनवर वाकून सांगायचे. "गणपती हाये का तो?"

"कृपया हब बंद करून पुन्हा सुरू करा."

"हब बंद करून पुन्हा सुरू करायचा. समजलं. करून राहिलोऽऽ." हुकूम मिळाला की तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, हीही कंट्रोल रूमचीच रीत.

मग त्या मुलीनं विचारलं, "भिंतीवरचं बटन घरात कोणी बंद केलं होतं का?"

"आमच्या घरी असं कोणी..." काकाजी ताठ आवाजात सुरू झाले, आणि तेवढ्यात आमच्या डोळ्यांदेखत काकू बैठकीतून उठून आत निघाल्या. उंबऱ्याशी डावा हात बोर्डाकडे गेला. टक.

बैठकीतला दिवाही गेला.

त्या दिव्यांची गोम तीच होती. भिंतीवरचं बटन कायम चालू पाहिजे. ते बंद झालं की बल्ब मेला, मग सेन्सरनं कितीही हाका मारल्या तरी ऐकत नाही. बटन पुन्हा चालू केलं तरी तो हबला ओळखायचा नाही. मग सगळी ओळखपाळख पुन्हा पहिल्यापासून. मला हसू आवरेना. काकूही हसल्या. काकाजी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरातल्या प्रत्येक बोर्डावर लाल पुठ्ठे लटकले. वीज केंद्रात तारेवर काम चाललं असलं की खटक्याला असा पुठ्ठा लावतात, आणि ज्यानं लावला त्याच्याशिवाय कोणी तो काढत नाही. काकाजींनी त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'बटन बंद करू नये'. काकूंना संध्याकाळी तो पुठ्ठा दिसायचा नाही, आणि हाताला वाचता येत नाही. खालून दिवसातून दहादा आवाज यायचे. टक. मग काकाजी, "काहून वं?" मग काकू, "म्या नाई केलं जी, हात गेला!" एकदा काकू वैतागून मला म्हणाल्या, "जलमभर म्हणे बंद कर, बंद कर. आता म्हातारपणी म्हणते नोको करू. हाताले काय सांगू, तुही बदली झाली?"

पुढे पुढे काकाजींचं ओरडणं थांबलं. एकदा मी खाली गेले तर बोर्डासमोर एकटेच उभे होते. हातात तो लाल पुठ्ठा. मला म्हणाले, "म्याच शिकवलं नं तिले हे."

आणि सगळा दोष काकूंच्या हाताचा असता तर तेही चाललं असतं. दिवे त्यांच्या मनानंही जायचे. भर दुपारी आपोआप लागायचे. एकदा तर ॲपमध्ये काहीतरी नवीन आलं आणि झोपायची खोली तास-दोन तास जांभळी होऊन बसली. काकू म्हणाल्या, "लग्नाचा हॉल झाला." पण कंपनीकडे सगळ्याला एकच औषध. बटन कोणीतरी बंद केलं असेल, हब बंद करून चालू करा, असुविधेबद्दल दिलगीर आहोत. काकाजींना दिलगिरीची चीड यायची. त्यांच्या नोकरीत वीजनिर्मितीचा संच बंद पडला की कारण सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. ते अक्षरशः विनवायचे, "पोरा, मले माफी नोको. मले कारण दे. काहून गेला, येवढं सांग." पलीकडचा पोरगा म्हणायचा, "आपली तक्रार नोंदवली आहे, सर. आणखी काही मदत करू शकतो का?"

"आणखी म्हणजे? आधीची केव्हा केली?"

थोड्या वेळानं काकाजींच्या मोबाईलवर निरोप यायचा, 'आपली समस्या सोडवली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

एकदा आमच्या ह्यांनी धीर करून सुचवलं, "काकाजी, काढून टाका ना हे. साध्या ट्यूबलाईट लावू परत."

काकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता. "मंग ते अंधारात भिंत चाचपत बटन शोधत जाईन. पाय अडकला, पडली, तं? या वयात पडलेलं माणूस उठते का?"

यावर उपाय काकाजींनीच शोधला. बटन चालूच ठेवायचं असेल, तर ते मुळात असायलाच कशाला पाहिजे? त्यांनी दिव्यांची सगळी बटनं काढली, तारा आतून थेट जोडल्या आणि बोर्डांवर पांढऱ्या गुळगुळीत पट्ट्या ठोकल्या. लाल पुठ्ठे उतरवले. काकूंनी पट्टीवरून हात फिरवला. "सारं सपाट केलं जी," म्हणाल्या. पुढेही उंबऱ्याशी त्यांचा हात जायचाच, पट्टीवर टेकायचा आणि रिकामा परत यायचा. पण दिवे लागायला लागले. काकाजींचा चेहरा उजळला. मला म्हणाले, "फॉल्ट निघाला."

त्यानंतर एकदा कंपनीच्या मुलीनं सांगितलं, "दिवा रीसेट करायला भिंतीवरचं बटन तीन वेळा बंद-चालू करा." काकाजींनी हुकूम परत म्हणून दाखवला आणि मग बाहेर जाऊन मेन स्विच तीन वेळा ओढला. प्रत्येक वेळी हाळी. फ्रिजनं आचके दिले. मी वरून पाहत होते. घरातल्या एका बल्बसाठी माणूस आख्खं घर विझवतो आणि पेटवतो आहे, याचं मला तेव्हा हसूच आलं होतं.

ती संध्याकाळ आली तेव्हा मी ऑफिसातून नुकती फाटकाशी पोचले होते. काकाजी बाहेरच उभे होते, कारण त्या दिवशी घरात रेंज मिळत नव्हती. फोन कानाला, त्यातून कंपनीचं ते ताटकळत ठेवणारं संगीत. मला म्हणाले, "सकाळपासून हबले निळा नाई, बाई. अपडेट करून राहिलो म्हणते. दिवस बुडाच्या आत चालू झालं पायजे." मी फोन माझ्याकडे घेतला. आत काकू मागच्या खोलीत एकट्या होत्या.

पुढचं त्यांनीच मला नंतर दवाखान्यात सांगितलं. त्या पलंगावरून उठल्या, दिवा लागला नाही. दोन पावलं टाकली, तरी नाही. मग हात भिंतीवर गेला. पट्टी लागली. "आता दिवा पायजे होता तं हाताले जुनं बटनच आठवलं वं. वाटलं, मीच चुकली, बोर्ड पुढे असन." म्हणून त्या भिंत चाचपत पुढे सरकल्या, खोलीतून बोळीत, बोळीतून मागच्या दाराशी, नसलेलं बटन शोधत. मागच्या दाराबाहेर मोरीची पायरी होती.

आम्हाला आवाज आला. काकाजी धावले, मी मागून. काकू खाली पडलेल्या होत्या, आणि एक हात अजून भिंतीवरच होता. माझ्या हातातल्या फोनमधलं संगीत थांबलं. "आपल्या संयमाबद्दल आभार. मी आपली काय मदत करू शकते?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. काकू वॉकर धरून थोड्या चालल्या, मग तेही सुटलं. मोरीपर्यंत आपलं आपण जायचं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि नेमकं तेच गेलं. काकाजींनी सगळं काढलं, बल्ब, डोळे, ती पांढरी डबी. कंपनीला फोन करून ते आकाशपाताळ एक करतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी फोन लावलाच नाही. निरोप मात्र आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल.

काही दिवसांनी संध्याकाळी आमच्या भागातली वीज गेली. आमचे हे जिना उतरत होते. त्या पहिल्या आठवड्यानंतर इतक्या वर्षांत एकदाही न केलेली चूक त्या दिवशी त्यांच्याकडून झाली. "काकाजी, तुमच्याकडेही लाईट गेली का?"

खालून काकाजींचा आवाज आला, "हाव. गेली."

हे वर आले आणि माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "व्याख्यान दिलं असतं तर बरं झालं असतं गं."

पुढे आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. जाणं-येणं कमी झालं. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. काकू पलंगावर. आता त्यांना उजेड आणि अंधार यातलाही फरक फारसा कळत नाही. पलंगाशेजारी भिंतीवर एक साधी ट्यूबलाईट आणि तिचं जुन्या पद्धतीचं, जाड, मोठा आवाज करणारं बटन. काकाजींनी सगळा बाजार हिंडून तसं बटन शोधून आणलं होतं, असं काकूंनी सांगितलं. संध्याकाळ झाली की ते येतात, हाळी देतात, बटन दाबतात, आणि आवाज ऐकून काकू हात जोडतात.

आम्ही बोलत बसलो होतो. मधेच कूलरची घरघर मंदावली आणि बंद पडली. वीज गेली होती. बाहेर झाकोळून आलं, खोलीत मला काकूंचा चेहराही अंधुक दिसायला लागला.

काकाजी दारात आले. त्यांनी कूलरकडे पाहिलं, ट्यूबलाईटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन हलक्या आवाजात म्हणाले, "चालू करून राहिलो."

टक.

"लागला जी?" काकूंनी विचारलं.

"लागला," काकाजी म्हणाले.

काकूंनी अंधाराला हात जोडले. काकाजींनीही जोडले. मग ते माझ्यासाठी चहा टाकायला म्हणून भिंतीच्या आधारानं आत गेले.

त्यांच्या पावलांचा आवाज स्वयंपाकघरात पोचेपर्यंत काकूंनी कान दिला. मग हातानं मला चाचपून जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या,

"कूलर बंद हाये नं वं, बाई?"

"हो, काकू."

"मले समजलं हे त्याईले नोको सांगू. नाई तं पुन्हा फोन लावत बसतीन त्या कंपनीले."